मधलं म्युझिक

त्या गाण्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही ते गुणगुणायला लागाल आणि पुढचं वाचायचं राहून जाईल. तुमच्या लहानपणी ते रेडिओवर लागत असे, लग्नाच्या मांडवात लागत असे, आणि ज्यांना गाता येत नाही त्यांनाही ते येत असे. नदीपलीकडच्या गावातल्या दिव्याचं ते गाणं आहे, एवढ्यावर ओळखा.

आम्ही ते शारजात ऐकलं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. रोल्लाच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर आमचा एक बेडरूमचा फ्लॅट. खिडकीतला एसी दिवसभर एकाच सुरात गुणगुणायचा. काही दुपारी बाहेर धूळ इतकी भरून यायची की समोरची बिल्डिंग पाण्याखाली असल्यासारखी दिसायची. मी रंगाच्या फॅक्टरीत लॅबमध्ये होतो. तयार झालेल्या डब्यातला रंग आणि नमुन्याचं कार्ड शेजारी शेजारी ठेवायचं, उजेडात बघायचं आणि पास की नापास ते सांगायचं, हे माझं काम. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेला मी पहिला. वडील सायकली दुरुस्त करायचे. माझं बी.एस्सी.चं सर्टिफिकेट त्यांनी दुकानात लावलं होतं, ट्यूब तपासायच्या पाण्याच्या घमेल्याच्या वर. हे मी अभिमानानं सांगतो, आणि तेव्हा जरा जास्तच सांगायचो. मी पास म्हटलं की पास, अशी एक सवय अंगात मुरली होती.

खालच्या मजल्यावर एक काका राहायचे. बंदरावर स्टोअरकीपर होते. त्यांच्याकडे रेकॉर्डप्लेअर होता आणि कापडात गुंडाळलेल्या मराठी गाण्यांच्या तबकड्या. तबकड्या ते कुणाला द्यायचे नाहीत. फार मागे लागल्यावर एका शुक्रवारी दुपारी त्यांनी मला टेपरेकॉर्डर घेऊन बोलावलं. अट एकच, "सुईला हात लावायचा नाही. सुई माझी, बटण तुझं."

तीन दिरहमची, म्हणजे तेव्हाच्या पंचवीसेक रुपयांची कोरी कॅसेट घेऊन मी गेलो. टेपरेकॉर्डर स्पीकरसमोर स्टुलावर ठेवला आणि आम्ही दोघं श्वास रोखून बसलो, कारण खोकलं तरी टेपमध्ये यायचं. काकूंनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं. नऊ गाणी घ्यायची होती आणि कॅसेटची बाजू तीस मिनिटांची. ती दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. तबकडी फिरते आहे, तिच्यावर खिडकीचा उजेड फिरल्यासारखा वाटतो आहे, आणि कुठल्यातरी न पाहिलेल्या नदीचा वास त्या खोलीत आला आहे.

त्या कॅसेटच्या पुढे किती कॉप्या झाल्या ते मलाही माहीत नाही. ऑफिसातल्या एकाकडे डबल डेक होता. दुबई, अबुधाबी, पार अल ऐनपर्यंत लोकांनी कॉप्या नेल्या. खोर फक्कानच्या पिकनिकला, हळदीकुंकवाला, गणपतीत ते गाणं सगळे मिळून म्हणायचे. कुणी कॉपी मागितली की मी म्हणायचो, "ओरिजनल माझ्याकडे आहे." काका रिटायर होऊन कायमचे देशात गेले, तबकड्या घेऊन. मग तर ओरिजनल माझ्याकडेच राहिलं.

आमच्या हिचं गाणं लग्नाआधीचं. चार वर्षं शिकली होती, मग लग्न, मग इकडे. इथे ती नर्सरीत शिकवायची, म्हणजे गळा फक्त इंग्रजी बडबडगीतांना लागायचा. मी एकदा म्हणालो, "गात जा की घरी." ती म्हणाली, "घरी कुणासाठी? कुकरसाठी?"

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा आमच्या इथल्या मराठी मंडळानं ठरवलं की त्या गाण्याच्या मूळ गायिकेलाच बोलवायचं. बाईंचं वय झालं होतं, पण त्या हो म्हणाल्या. व्हिसे मात्र पाच जणांचेच जमत होते. बाई, व्हायोलिनवाले, कीबोर्ड, तबला, ढोलकी. कोरस इथलाच उभा करा, असं कळवलं गेलं. पाच बायका निवडल्या. आमची ही त्यांतली एक.

त्या गाण्यात दुसऱ्या अंतऱ्याची पहिली ओळ कोरसची आहे, आणि तिच्यातले पहिले तीन शब्द एकट्या बाईचे. मग बाकीच्या मिसळतात. ते तीन शब्द हिला मिळाले.

महिनाभर घरात ते तीन शब्द होते. कणीक मळताना, मुलीची वेणी घालताना, लिफ्टमध्ये. कॅसेट लावायची, पहिला अंतरा संपला की श्वास घ्यायचा आणि लगेच ते तीन शब्द. मुलगी सात वर्षांची होती. ती म्हणायची, "मम्मा, यू ऑलरेडी नो इट." ही म्हणायची, "नो इट वेगळं आणि लागणं वेगळं." देशात आईला फोन केला तेव्हा, एरवी मिनिटांकडे बघत बोलणारी ही, ते तीन शब्द फोनवर दोनदा म्हणून दाखवत होती. एवढं सांगितलं म्हणजे तिला ते किती हवे होते हे वेगळं सांगायला नको.

कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी, एका शाळेच्या हॉलमध्ये. दुपारी दोनला तालीम. मी मंडळाच्या कमिटीत होतो. माझ्याकडे गाड्यांची जबाबदारी. एअरपोर्टवरून पाहुण्यांना मीच आणलं होतं. बाई पांढरी शाल घेऊन मागच्या सीटवर बसल्या होत्या आणि खिडकीतून वाळूकडे बघत होत्या. "इथे नदी नाही का हो?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "खाडी आहे." त्या म्हणाल्या, "चालेल."

तालमीत ते गाणं तिसरं आलं. मुखडा छान झाला. पहिला अंतरा झाला. व्हायोलिनवाल्यांनी गज उचलला, आणि हिनं श्वास घेऊन ते तीन शब्द म्हटले. बाकीच्या चौघी मिसळल्या.

व्हायोलिनवाले थांबले. साठीचे गृहस्थ, शर्टाची वरची बटणं बंद. म्हणाले, "ताई, घाई झाली. मधलं म्युझिक आहे ना."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. पाचही जणींचं तोंड एकदम उघडलं. दहा वर्षांची सवय होती ती. लहानपणी रेडिओवर ऐकलेलं कधीच पुसलं गेलं होतं. पहिल्या अंतऱ्याच्या शेवटच्या अक्षरानंतर त्यांच्या कानाला आता दुसरं काही माहीतच नव्हतं. तिसऱ्यांदा पाचही जणी थांबल्या, पण नंतर कधी यायचं ते कुणालाच कळेना. व्हायोलिन वर चढलं, आता येतं असं वाटलं, आणि ते परत खाली गेलं. कुणी एक आली, कुणी दोघी.

व्हायोलिनवाल्यांनी वाद्य मांडीवर ठेवलं. "बाई, कोरस नको. कीबोर्डवर धरू ती ओळ. वेळ नाही."

हिच्याकडे मी बघितलं. ती खाली, आपल्या पायांकडे बघत होती. तालमीलाच तिनं नवीन चपला घातल्या होत्या, संध्याकाळी लागू नयेत म्हणून.

मी स्टेजवर चढलो. आज आठवलं तरी कान गरम होतात, पण तेव्हा मला माझं शंभर टक्के खरं वाटत होतं. म्हणालो, "माफ करा, पण गाण्यात असं म्युझिक नाहीच. तुम्ही स्टेजसाठी वाढवलं असेल. ओरिजनलमध्ये अंतऱ्याला अंतरा लागून आहे."

ते शांतपणे म्हणाले, "ओरिजनलमध्ये मी वाजवलंय."

"कॅसेट आहे माझ्याकडे. गाडीत आहे."

"आणा."

मी धावत जाऊन आणली. हॉलच्या साऊंडवाल्याकडे टेपरेकॉर्डर होता, तो स्टेजवरच्या टेबलावर ठेवला. आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे राहिलो. बाई खुर्चीत बसून थर्मासमधलं गरम पाणी पीत होत्या. गाणं सुरू झालं. इतक्या वर्षांची घासलेली टेप, आवाज जरा पाण्यातून आल्यासारखा. पहिला अंतरा संपला. मध्ये बारीकसा 'टक' आवाज झाला. लगेच दुसरा अंतरा.

मी विजयानं बघितलं. व्हायोलिनवाले टेपकडे बघत होते, जसं हरवलेल्या सामानाच्या काउंटरवर माणूस उभा राहतो तसे. "मग माझं व्हायोलिन कुठे गेलं?" ते म्हणाले. माझ्याशी नाही, असंच.

"पुन्हा लावा," बाई म्हणाल्या.

मी रिवाइंड करून पुन्हा लावलं. पहिला अंतरा अर्ध्यावर आला होता, तेवढ्यात शाळेमागच्या मशिदीतून तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची अजान सुरू झाली. तिथे राहिलेल्या माणसाला यात विचार करावा लागत नाही. अजान सुरू झाली की म्युझिक बंद. माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी पॉजचं बटण दाबलं.

उंच खिडक्यांमधून उन्हाचे पट्टे स्टेजवर आले होते आणि त्यांत धूळ तरंगत होती. माझं बोट बटणावर होतं. आणि त्या बोटालाच आधी आठवलं, मला नंतर.

रोल्लातली ती दुपार. पहिला अंतरा संपतो न संपतो तोच अशीच अजान सुरू झाली होती. काका म्हणाले होते, "थांब." मी पॉज दाबलं, त्यांनी सुई उचलली. तीन-चार मिनिटं आम्ही असेच बसलो, मोठ्या मशिदीचा तो आवाज खोलीत भरून राहिला. मग अजान संपली. काकांनी अंदाजानं सुई परत ठेवली, अंतऱ्याच्या शेवटावर. व्हायोलिन सुरू झालं. आणि मी बटण सोडलं नाही. मनात गणित केलं होतं, नऊ गाणी, तीस मिनिटं, शेवटचं गाणं अर्धं कापलं जाणार. वाटलं, मधलं म्युझिक कोण ऐकतं, गाणं म्हणजे शब्द. शब्द येईपर्यंत बोट दाबून ठेवलं. काकांनी माझ्याकडे बघितलंही होतं, पण सुई त्यांची आणि बटण माझं.

मग मी ते विसरलो. साफ विसरलो. पुढे तर त्याच कॅसेटवर मी म्हणत होतो, ओरिजनल. नमुना आणि डबा शेजारी ठेवून बघायचा माझा धंदा, आणि दहा वर्षांत एकदाही मला हे शेजारी ठेवून बघावंसं वाटलं नव्हतं.

अजान संपली. मी गप्प राहिलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. काका देशात, तबकडी देशात. टेप जुनी, खराब झाली असेल, एवढं म्हटलं की संपलं. मी हिच्याकडे बघितलं. ती माझ्या हाताकडे बघत होती. बायकोला आपला चेहरा वाचता येतो हे ठीक आहे, पण तिला बोटही वाचता येतं हे मला तेव्हा कळलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "बोला काय ते."

मी बोललो. सगळं. अजान, सुई, तीस मिनिटं. 'मधलं म्युझिक कोण ऐकतं' हेही बोललो, कारण ते वगळलं असतं तर पुन्हा एकदा छाटल्यासारखं झालं असतं. शेवटी म्हणालो, "चूक माझी आहे. या बायकांची नाही. त्या माझी चूक अगदी बरोबर गात होत्या."

ढोलकीवाला म्हणाला, "म्हणजे अख्खं गल्फ ह्यांनी तीस मिनिटांत बसवलं." कुणीतरी हसलं. मी हसण्याच्या स्थितीत नव्हतो.

बाईंनी थर्मासचं झाकण लावलं. "इकडे ये गं," त्यांनी हिला बोलावलं. मग व्हायोलिनवाल्यांना म्हणाल्या, "अरे, ह्यांना सांग की ते कसं झालं. का मी सांगू?"

"तुम्हीच सांगा, बाई."

"माझी मुलगी तीन महिन्यांची होती," बाई म्हणाल्या. "रेकॉर्डिंगला तिला घेऊन आले होते. काचेपलीकडे बाकावर माझी बहीण तिला मांडीवर घेऊन बसलेली. तेव्हा तुकडे जोडायची सोय नव्हती, सगळे वाजवणारे एका खोलीत, चुकलं की पहिल्यापासून. आणि पहिला अंतरा झाला की माझी मान वळायची काचेकडे. ती रडतेय का, झोपलीय का. आवाज ऐकू यायचा नाही ना काचेतून. तोंड उघडलेलं दिसलं तर समजायचं रडतेय. मान परत येईपर्यंत दुसऱ्या अंतऱ्याला उशीर. तीन वेळा झालं. चौथ्यांदा आमचे संगीतकार ह्याला म्हणाले, बाई काचेकडून परत येईपर्यंत तू वाजवत राहा. काय वाजवायचं ते सांगितलं नाही."

"माझं पहिलंच रेकॉर्डिंग," व्हायोलिनवाले म्हणाले. "मला वाटलं बाई आत्ता वळतील, म्हणून वर नेलं. त्या वळेनात. मग खाली आणलं. पुन्हा वर."

"मुलगी जांभई देत होती," बाई म्हणाल्या. "बघत राहिले."

"तेच ठेवलं शेवटी. पुढे पुष्कळ गाण्यांत वाजवलं, पण सगळ्यांच्या बरोबर. एकट्याचं एवढंच."

एवढंच. आणि तेवढंच मी कापलं होतं. मी त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा राहिलो. ते म्हणाले, "जाऊ द्या. तुम्ही टेप वाचवत होता." त्यात टोमणा होता की नव्हता, मी आजही ठरवू शकलेलो नाही.

बाई हिला म्हणाल्या, "मात्रा मोजू नकोस. मोजलंस तर चुकशील, ते मोजून वाजवलेलंच नाही. माझ्याकडे बघ. माझी मान अजून डावीकडे जाते. इतकी वर्षं झाली, काच नाही, बाक नाही, मुलगी कॅनडात, तरी जाते. ती परत आली की तू ये."

संध्याकाळी हॉल भरला. मागे लोक उभे होते. मी मुलीला घेऊन विंगेत उभा होतो, डाव्या बाजूला. जागा मी निवडली नव्हती, तिथे पाण्याच्या बाटल्यांचे खोके होते आणि ते माझ्याकडे होते.

ते गाणं सुरू झालं तसा हॉलमध्ये एक सुस्कारा फिरला. लोक हलक्या आवाजात बरोबर म्हणू लागले. पहिला अंतरा संपला. आणि अख्ख्या हॉलनं, सात-आठशे माणसांनी, दुसऱ्या अंतऱ्यात एकदम उडी मारली.

स्टेजवर पाच जणींचे ओठ मिटलेले होते.

हॉल अर्ध्या ओळीवर अडखळला. लोक एकमेकांकडे बघून हसले, काही जण तोंडावर हात ठेवून. मुलगी माझा शर्ट ओढत म्हणाली, "बाबा, एव्हरीबडी गॉट इट राँग." मी म्हणालो, "हो. बाबांमुळे." तिला ते कळलं नाही.

मग फक्त व्हायोलिन राहिलं. ते कसं होतं हे मला सांगता येत नाही, मी रंगाचा माणूस. एवढंच सांगतो की दिव्याचं ते गाणं मला दहा वर्षं तोंडपाठ होतं, आणि नदी मला त्या दिवशी दिसली. मधलं पाणी. इतके दिवस मी अलीकडच्या काठावरून थेट पलीकडे पोचत होतो.

बाईंची मान डावीकडे वळली. त्या आमच्या दिशेला बघत होत्या, पण आम्हाला नाही. माझ्या शेजारी मुलीनं मोठी जांभई दिली, तिची झोपायची वेळ झाली होती. व्हायोलिन वर गेलं. हॉलमधून दोन-चार आवाज पुन्हा चुकून आले आणि विरले. हिचे डोळे बाईंच्या मानेवर. ते खाली आलं. पुन्हा वर. हिची हनुवटी जराशी उचललेली, नवीन चपलांतले पाय घट्ट. मी स्वतःचा श्वास धरला होता, रोल्लातल्या त्या दुपारसारखा.

मान परत आली.

ते तीन शब्द लागले. नो इट नव्हे, लागले. बाकीच्या चौघी मिसळल्या, मग हॉल मिसळला, आणि बाईंनी शाल सावरत मागे वळून हिच्याकडे एकदा बघितलं, मग पुढे गायल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार, कामाचा दिवस. मुलीला शाळेत आणि हिला नर्सरीत सोडून मी इंडस्ट्रियल एरियाला जायचो. गाडीत ती कॅसेट होती. मी म्हणालो, "ही आता टाकून देतो. बाई कळवतील तिकडची नीट प्रत कुठे मिळते ते."

"टाकायची कशाला," ही म्हणाली. "लावा."

लावली. सकाळची धूळ होती, खाडीच्या बाजूचा रस्ता अर्धा दिसत होता. पहिला अंतरा संपत आला तशी ती पुढे वाकली, आणि ज्या जागी 'टक' येतं त्याच्या बरोबर आधी तिनं बटण दाबून कॅसेट बाहेर काढली. ती अर्धी बाहेर लोंबकळत राहिली. मग ही व्हायोलिन गुणगुणू लागली. ना ना करत, वर नेलं, खाली आणलं, पुन्हा वर. मान डावीकडे, म्हणजे माझ्याकडे. मागच्या सीटवरून मुलगीही मिसळली, सूर नव्हता पण होती.

मागच्या टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला, सिग्नल सुटला होता. "यल्ला, बाबा, गो," मुलगी म्हणाली. मी गाडी हलवली नाही. हिची मान अजून परत आली नव्हती.